घरच्या इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी : दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचा वार गुरुवार. त्यामुळे आमच्या दुकानातला फोन गुरुवारी दुपारनंतर वाजायला लागतो. "अहो, पूर्वी चार तास चालायचा, आज पाऊण तासात बसला," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. वडिलांच्या हाताखाली हे काम शिकले, आता दुकान मीच बघते. बॅटरी क्वचितच आपल्या मरणाने मरते. बहुतेकदा ती तहानलेली किंवा अर्धपोटी राहून जाते. हे वेळेवर कुणी सांगितलं असतं तर त्या माणसाचे दहा-पंधरा हजार वाचले असते, असं दरवेळी वाटतं. म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहून काढली.

लेड-अ‍ॅसिड म्हणजे नेमकं काय? आत असतं काय?

शिसं आणि गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड. एका बाजूला शिशाच्या ऑक्साइडची प्लेट, दुसऱ्या बाजूला स्पंजासारखं सच्छिद्र शिसं आणि दोन्ही पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिडमध्ये बुडालेल्या. अशा एका कप्प्याला सेल म्हणायचं. एक सेल साधारण २ व्होल्ट देतो, सहा सेल ओळीने जोडले की १२ व्होल्टची बॅटरी झाली. वर सहा बुचं दिसतात ती त्यासाठीच.

वीज वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेट्सवर लेड सल्फेट जमतं, अ‍ॅसिड खर्ची पडतं आणि आतलं पाणी वाढतं. चार्जिंगला लावली की हे उलटं फिरतं. बॅटरी रिकामी होताना अ‍ॅसिड पातळ होतं, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचे निम्मे प्रश्न तिच्यावरच आहेत.

हे तर फार जुनं तंत्र आहे ना? मग अजून का वापरतात?

जुनं आहेच. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही बॅटरी बनवली. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी ही पहिलीच बॅटरी. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी तुमच्या गाडीच्या बॉनेटखाली, हॉस्पिटलच्या यूपीएसमध्ये आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या जिन्याखाली तीच बसलेली आहे.

पहिलं कारण पैशाचं. तेवढाच बॅकअप देणारी दुसरी कुठलीही बॅटरी विकत घेताना महाग पडते. दुसरं कारण असं की ती एका दमात भरपूर करंट देते. थंडीच्या सकाळी गाडीचा स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर लागतात, ते ती सहज सोडते. तिसरं, ती सोशिक आहे. चार्जर थोडा जास्त झाला तर पाणी उडतं, पण लगेच पेट घेत नाही. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट नाही, त्यामुळे बिघाड झाला की गल्लीतला कारागीरही शोधून काढतो. चौथं कारण लोक विसरतात. ती मेल्यावरही तिला किंमत असते, कारण वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसंच असतं आणि ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं. आपल्या चिंचवडला एक्साइडचा मोठा कारखाना आहे. बॅटरी हा या शहराच्या ओळखीचा धंदा आहे.

आता तोटे सांगा, विक्रेता म्हणून लपवू नका.

वजन. किलोमागे ३० ते ४० वॅट-तास एवढीच वीज तिच्यात मावते; लिथियममध्ये त्याच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही जास्त. १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) उंच ट्यूब्युलर बॅटरी अ‍ॅसिडसकट ५० किलोच्या वर जाते. पेठेतल्या वाड्याच्या लाकडी जिन्याने ती वर नेताना आमच्या मुलांना मधल्या पायरीवर थांबावंच लागतं. ज्येष्ठ माणसांनी ती एकट्याने सरकवायचा प्रयत्नही करू नये.

दुसरा तोटा मला सर्वांत मोठा वाटतो. तिला रिकामं राहणं सोसत नाही. रिकामी बॅटरी काही दिवस तशीच पडली की प्लेट्सवरचं लेड सल्फेट टणक होत जातं, त्याचे खडे बनतात आणि ते चार्जिंगने परत विरघळत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. जेवढी जागा सल्फेटने अडवली तेवढा बॅकअप कायमचा गेला. मोबाइलची बॅटरी अर्ध्यावर ठेवलेली बरी असं आता सगळ्यांना माहीत झालंय, आणि लोक तोच नियम इन्व्हर्टरला लावतात. इथे तो उलटा आहे. लेड-अ‍ॅसिड कायम भरलेलीच हवी.

तिसरा तोटा म्हणजे भरायला लागणारा वेळ. पूर्ण उतरलेली १५० एएचची बॅटरी घरच्या चार्जरवर भरायला १०-१२ तास धरा. पहिला मोठा भाग पटकन भरतो, शेवटचा हिस्सा रेंगाळतो, आणि सल्फेट धुऊन काढायचं काम त्या शेवटच्या हिश्श्यातच होतं. दिवसाकाठी तीन-चार वेळा लाइट जाणाऱ्या गावांत बॅटरी वर्ष-दोन वर्षांत का बसते, त्याचं उत्तर इथे आहे. ती कधी पोटभर जेवतच नाही.

त्याशिवाय पाण्याची देखभाल आहे, चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू आहे, अ‍ॅसिड आहे, आणि शिसं विषारी आहे. त्यांच्याबद्दल खाली येतंच. वीजही थोडी वाया जाते. जेवढी भरली त्यातली साधारण १५ ते ३० टक्के परत मिळत नाही.

१५० एएचची बॅटरी माझ्या घरी किती तास चालेल?

हिशोब घरीच करता येतो. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. पण तळ गाठेपर्यंत उपसायची नाही आणि इन्व्हर्टरही वाटेत थोडं खातो. हाताशी १२०० धरा.

तीन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे २२५. पाच एलईडी दिवे मिळून ५०. वायफायचा राउटर १०. टीव्ही ७५. बेरीज ३६० झाली. १२०० ला ३६० ने भागा : सव्वातीन तास. आता तेच तीन पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, प्रत्येकी ३० वॅटचे, तर लोड २२५ वर येतो आणि तीच बॅटरी पाच तासांच्या पुढे जाते. मोठी बॅटरी मागायला आलेल्या कितीतरी लोकांना मी आधी पंखे बदलायला सांगते.

भार वाढला की मात्र तास सरळ हिशोबाने कमी होत नाहीत, त्याहून जास्त घटतात. ही बॅटरी हळूहळू प्यायली तर जास्त देते, घाईने उपसली तर कमी. बॅटरीवरचा एएचचा आकडाही बहुधा २० तासांत सावकाश उतरवून मोजलेला असतो. सोलरसाठीच्या बॅटरीवर तो १० तासांचा असतो. वर "सी-२०" की "सी-१०" लिहिलंय ते बघून मगच दोन कंपन्यांच्या किमती ताडून बघा. फ्रिज, मिक्सर, गिझर, पाण्याचा पंप या लाइनवर घेऊ नका.

ट्यूब्युलर, फ्लॅट प्लेट, एसएमएफ : यातली कोणती?

घरच्या इन्व्हर्टरला ट्यूब्युलर. तिच्यात पॉझिटिव्ह प्लेटचा मसाला, म्हणजे ते शिशाचं ऑक्साइड, नळ्यांच्या आवरणात कोंडलेला असतो, त्यामुळे तो गळून तळाशी बसत नाही. नीट सांभाळली तर चार ते सहा वर्षं जाते. फ्लॅट प्लेट स्वस्त, पण आयुष्य कमी. एसएमएफ म्हणजे बंद बॅटरी. पाणी घालायचं नाही, वास नाही, कॉम्प्युटरच्या यूपीएसला ती ठीक. पण उन्हाळ्यात ती आतून सुकली तर वरून काहीच करता येत नाही.

गाडीची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला जोडली तर?

चालेल, आणि काही महिन्यांत बसेल. गाडीच्या बॅटरीच्या प्लेट्स पातळ असतात, क्षणभर जोर लावायला बनवलेल्या. तासन्‌तास उतरत राहणं हे त्यांचं काम नाही.

पाणी कोणतं घालायचं? आरओचं चालेल का?

नाही. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतातच. नळाचं तर विचारूच नका, आणि सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर ते सर्वांत वाईट. पाणी उडून जातं, क्षार आतच साठतात आणि प्लेट्स खातात. एसीच्या नळीतून गळणारं पाणी चालतं असं पुष्कळजण सांगतात. ते कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं, तेही नको. पावसाचं पाणी गच्चीवरून गोळा केलेलं असतं, तेही नको. पाच लिटरचा कॅन मिळतो, तो वर्षभर पुरतो.

आणि अ‍ॅसिड कधीही घालू नका. उडालेलं असतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. "बॅटरी कमजोर झालीय, थोडं अ‍ॅसिड टाकून देतो" असं सांगून एका फिरत्या माणसाने कोथरूडच्या आमच्या एका ग्राहक काकूंकडून पैसे घेतले होते. चार दिवस बॅकअप बरा वाटला. दोन महिन्यांनी मी बुचं उघडली तेव्हा आतलं द्रावण तपकिरी झालेलं, प्लेट्सचा मसाला गळून तळाशी गाळ झालेला. काकूंनी एवढंच विचारलं, "आता काहीच होणार नाही का गं?" खरंच काही होण्यासारखं नव्हतं.

घालायचं केव्हा? बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. चार्ज होताना पातळी वर येते, त्यामुळे आधी काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड बाहेर येतं. प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच घाला, चार्ज करा, मग बाकीचं. फ्लोटची छोटी दांडी वरच्या खुणेला आली की थांबा. दर दोन महिन्यांनी नजर टाका, मार्च ते मे दर महिन्याला. घालताना इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा, फनेल प्लॅस्टिकचं घ्या.

ग्रॅव्हिटी म्हणजे काय? मल्टिमीटरने तपासलं तर पुरत नाही का?

वर म्हटलं तसं बॅटरी उतरली की अ‍ॅसिड पातळ होतं. द्रावण पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा म्हणजे ग्रॅव्हिटी, आणि ती हायड्रोमीटर दाखवतो : काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी लहान काचेची कांडी. घट्ट द्रावणात कांडी वर राहते, पातळ द्रावणात बुडते. नीट भरलेल्या ट्यूब्युलरमध्ये १.२४० च्या आसपास यायला हवं. आमच्या भाषेत "बाराशे चाळीस". गाडीच्या बॅटरीत बाराशे ऐंशीच्या जवळ. अकराशे पन्नासला आली म्हणजे जवळजवळ रिकामी.

परवाचीच गोष्ट. एका आजोबांनी बॅटरी आणली, बरोबर त्यांचा नातू. त्याने घरी मीटर लावून बघितलं होतं : १२.३ व्होल्ट. "म्हणजे बॅटरी चांगली आहे, इन्व्हर्टर खराब," असं त्याचं म्हणणं. मी एकेक बूच काढून ग्रॅव्हिटी घेतली आणि खडूने झाकणावर लिहीत गेले. बाराशे तीस, बाराशे पंचवीस, अकराशे वीस, बाराशे तीस, बाराशे वीस, बाराशे पंचवीस. तिसऱ्या बुचापाशी कांडी बुडाली ती वर येईना. पाच सेल धट्टेकट्टे असले की एका आजारी सेलची तूट मीटरवर झाकली जाते. मग लोड लावला आणि व्होल्टेज बघता बघता खाली आलं. सहा सेलच्या साखळीतली एक कडी तुटली होती.

सगळ्या सेलचं वाचन सारखंच कमी असेल तर बॅटरी बहुधा फक्त उपाशी आहे, चोवीस तास चार्जिंगला लावा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा पन्नास पॉइंटांनी मागे असेल तर तो सेल जाणार हे धरून चाला. हायड्रोमीटर काही फार महाग नाही, तापकीर गल्लीत सहज मिळतो. पाणी घातल्या घातल्या मात्र वाचन घेऊ नका, वरचं नुसतं पाणीच नळीत येतं.

पुण्यात हल्ली लाइट फारशी जात नाही. मग बॅटरी नुसती पडून राहिली तर टिकेल ना?

२००५-०६ चं भारनियमन आठवत असेल. २००६ मध्ये उद्योगांनी आपले जनरेटर चालवून तेवढी वीज शहराला मोकळी करायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून वसूल करायचा अशी व्यवस्था झाली. "पुणे मॉडेल" म्हणून ती गाजली. तेव्हापासून पुणेकरांना इन्व्हर्टर आहे हेच विसरायची सवय लागली. सतत चार्जिंगवर असलेली, कधीच न वापरलेली बॅटरीही बिघडते. जड अ‍ॅसिड तळाशी साचतं, वरचं पातळ राहतं, आणि खालचा भाग झिजत जातो. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून तासभर घर इन्व्हर्टरवर चालवा, मग पूर्ण भरू द्या. गुरुवारची लाइट गेली असेल तर ते आपोआपच झालं.

महिना-दोन महिने गावी जायचं असेल तर पाणी बघून, पूर्ण चार्ज करून, इन्व्हर्टरचं आउटपुट बंद ठेवा आणि चार्जिंग चालू राहू द्या. सगळंच बंद करून जाणार असाल तर बॅटरीची वायर काढा. पडून राहिली तरी महिन्याला थोडी थोडी उतरतेच. तीन महिन्यांच्या वर ठेवू नका.

बॅटरी घरात कुठे ठेवावी?

हवेशीर, सावलीत, आणि ज्योतीपासून लांब. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. नारायण पेठेतल्या एका घरी बॅटरी देवघराच्या खालच्या बंद कप्प्यात होती, वर समई तेवत होती. आजींना वाटत होतं जागा स्वच्छ आणि पवित्र आहे, मुलांचे हात लागत नाहीत. मी त्याच दिवशी ती पॅसेजमध्ये हलवली. तुमच्याकडे असं काही असेल तर हे पान बाजूला ठेवून आधी ते बदला.

पश्चिमेच्या बाल्कनीतही नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि बॅटरीचं तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते हा समज जुन्या लाकडी-रबरी पेट्यांच्या काळातला. प्लॅस्टिकच्या पेटीला फरशीची भीती नाही. ट्रॉली घ्या ती झाडायला आणि सरकवायला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी येते, ती काय?

बुरशी नव्हे, अ‍ॅसिडच्या वाफेने धातूवर आलेले क्षार. करंट अडतो, टर्मिनल तापतं. बुचं घट्ट लावून, वायर काढून, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फसफसून निघेल. कोरडं पुसून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये.

अ‍ॅसिड अंगावर उडालं तर?

भरपूर पाणी, लगेच. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली, आणि तिथून थेट डॉक्टरकडे. सोडा डोळ्याला लावू नका. फरशीवर सांडलं तर सोडा टाकून मग धुवा. सुती कपड्यावर उडालेला थेंब त्या दिवशी दिसत नाही. धुऊन वाळत घातला की तिथे भोक पडलेलं असतं. वडिलांचे दुकानातले सगळे सदरे तसे होते.

बसलेली बॅटरी पावडर टाकून परत उठते का?

सल्फेशन कोवळं असेल तर सावकाश, लांबलचक चार्जिंगने थोडी सुधारते, त्याला पावडर लागत नाही. प्लेटचा मसाला गळला असेल किंवा सेल शॉर्ट झाला असेल तर कुठलीच पावडर तो परत चिकटवत नाही. पैसे घालू नका. दोन बॅटऱ्यांच्या जोडीतली एक गेली तर शक्यतो दोन्ही बदला. जुनी आणि नवी ओळीने जोडल्या की जुनी लवकर भरल्यासारखी, लवकर उतरल्यासारखी वागते आणि नवीला खाली ओढते.

मग सरळ लिथियमच घ्यावी का?

काहींनी जरूर घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच बॅटरी सुमारे १२ किलोची, भिंतीवर टांगता येते, पाणी नको, दोन-तीन तासांतही भरू शकते आणि हजारो वेळा भरते-उतरते. वर्क फ्रॉम होमवाले, रोज लाइट जाणारे, सोलर बसवलेले आणि ज्यांच्या घरी पाणी बघायला कुणी नाही असे एकटे राहणारे ज्येष्ठ यांना मी तीच सुचवते. सुरुवातीचा खर्च मात्र बराच जास्त आहे आणि इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग असावी लागते. जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नका. महिन्यातून दोन-चार तास लाइट जाणाऱ्या पुण्यातल्या साध्या घराला चांगली ट्यूब्युलर आजही पुरेशी आहे, असं माझं प्रामाणिक मत.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली तर काय बिघडलं? तो तर दोनशे रुपये जास्त देतो.

या प्रश्नावर मी काउंटरवर ग्राहकाला थांबवून बोलते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे साध्या कोळशाच्या भट्टीवर. म्हणूनच ते शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्येही वितळवलं जातं. आधी बॅटरी कुऱ्हाडीने फोडतात, अ‍ॅसिड जवळच्या ओढ्यात ओततात, मग प्लेट्स भट्टीत. धूर आणि बारीक धूळ अंगणात बसते आणि तिथे त्याच कामगारांची पोरं खेळतात. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं, ती इजा भरून येत नाही, आणि रक्तातली शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते जास्तीचे दोनशे रुपये तिथून येतात.

अधिकृत कारखान्यात तेच शिसं बंद भट्टीत, धूर गाळून आणि अ‍ॅसिडची विल्हेवाट लावून परत मिळवलं जातं. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घेण्याचा नियम २००१ पासून होता. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत तर उत्पादकावरच ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी आहे. ग्राहकानेही ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, वेगळी द्यायची आहे. नवी घेताना जुनी एक्सचेंजमध्ये द्या आणि बिलावर जुन्या बॅटरीची वजावट लिहून घ्या. नवी घ्यायची नसली तरी कुठल्याही अधिकृत डीलरला फोन करा, आम्ही घरी येऊन नेतो. येईपर्यंत ती उभीच ठेवा, आडवी करू नका, आतलं पाणी मोरीत ओतून वजन हलकं करू नका आणि बुचं लावलेली राहू द्या.